मदत हवी आहे: फॅटी लिव्हर, भुईआवळा आणि कुटकी

नमस्कार मंडळी,

बाबांच्या (वय ६८, मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, दारू नाही) सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आलंय, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७८. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, साखर आटोक्यात ठेवा. औषधाची चिठ्ठी नाही म्हटल्यावर बाबांचं समाधान कसलं व्हायला! आत्याने गावाहून वाळवलेला भुईआवळा पाठवलाय आणि शेजारच्या काकांनी कुटकीचं चूर्ण सुचवलंय.

कोकणात काविळीवर भुईआवळा देतात आणि गुण येतो, हे लहानपणापासून बघतेय. पण हिपॅटायटिस ए बहुतेकदा आपला आपणच बरा होतो, मग श्रेय कोणाला द्यायचं? १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी असलेल्यांना भुईआवळा देऊन चांगले निष्कर्ष छापले होते, पुढच्या चाचण्यांत ते तसे टिकले नाहीत. शिवाय बाबांना कावीळ नाहीच.

कुटकीचं प्रकरण जास्त वजनदार वाटतं. लखनौच्या सीडीआरआयने (केंद्रीय औषध संशोधन संस्था) तिच्या मुळांतून पिक्रोलिव्ह नावाचा अर्क काढला, त्यात पिक्रोसाइड आणि कुटकोसाइड असतात. पण उंदरांवरचे असे प्रयोग वाचताना एक गोष्ट खटकते. पॅरासिटामॉल किंवा कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृताला इजा करतात, आणि वनस्पतीचा अर्क बऱ्याचदा त्याच्या आधीपासूनच सुरू असतो. बाबांच्या यकृतात चरबी साठून बसली आहे, आता "संरक्षण" कशापासून? आणि प्रयोगशाळेत मोजूनमापून काढलेला अर्क कुठे, चमचाभर चूर्ण कुठे!

तर विचारायचंय ते असं. यकृततज्ज्ञांना सांगून कोणी कुटकी किंवा भुईआवळा घेतला आहे का? आधीचे-नंतरचे एसजीपीटी, फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) असतील तर ते आकडे हवेत. वजन किती उतरलं तेही लिहा, कारण नुसत्या तेवढ्यानेही एसजीपीटी खाली येतो. मेटफॉर्मिनसोबत घेऊन कोणाची साखर जास्तच उतरली का?

आणि वाळलेली जुडी ओळखायची कशी? पानांच्या खालच्या बाजूला बारीक गोल फळं ओळीने दिसतात, पण भुईआवळ्याच्या दिसायला सारख्या जाती बऱ्याच आहेत म्हणे. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं होतं. त्यामुळे आत्याची जुडी सध्या कपाटात आहे आणि बाबा माझ्यावर रुसलेत.

"आमच्या आजोबांना गुण आला" एवढंच असेल तर कृपया नको, ते घरात रोज ऐकतेय.