तूर आणि खाद्यतेलाच्या आयातीवर ‘सेफगार्ड शुल्क’ मागता येईल का?

प्रश्न : वैरागचा शेतकरी

नमस्कार. तूर आणि सोयाबीनच्या दरांबाबत बार्शी तालुक्यातील आम्ही काही शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्र सरकारला निवेदन देणार आहोत, आणि त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बैठकीत सर्वांनी सुचवलेली पहिली मागणी अशी आहे, की तूर आणि खाद्यतेल यांच्या आयातीवर जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार सेफगार्ड शुल्क, म्हणजे आयात अचानक वाढल्यास देशी उत्पादकांच्या संरक्षणासाठी काही काळ लावले जाणारे जादा शुल्क, लावावे.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहेच. मे २०२१ मध्ये तुरीची आयात ‘मुक्त’ वर्गात (प्रमाणाची मर्यादा नसलेल्या) आली आणि ती सवलत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५५० रुपये हमीभाव असताना त्याखालीही सौदे झाले. कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलावरील एकूण शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २७.५ टक्के झाले होते, ते ३० मे २०२५ रोजी १६.५ टक्क्यांवर आणले गेले. त्याच सुमारास, एप्रिल २०२५ मध्ये, पोलादाच्या काही प्रकारांवर मात्र २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते सेफगार्ड शुल्क लागले. पोलादाला जे मिळते ते तुरीला का मिळू नये, हा बैठकीतला प्रश्न मला रास्त वाटला. परंतु मागणी कायद्यात बसते की नाही हे पाहिल्याशिवाय ती कागदावर आणू नये असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : सीमाशुल्क सल्लागार, सोलापूर

आधी हे लक्षात घ्यावे, की सरकारला आयात शुल्क वाढवायचे असेल तर बहुतेक शेतमालाच्या बाबतीत सेफगार्डच्या वाटेने जाण्याची गरजच नसते. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशाने वस्तूगणिक एक कमाल दर बांधून दिलेला आहे, त्याला बद्ध दर म्हणतात. भारताने कच्च्या शेतमालासाठी साधारणपणे १०० टक्के, प्रक्रिया केलेल्या मालासाठी १५० टक्के आणि बहुतेक खाद्यतेलांसाठी ३०० टक्के असे हे दर ठेवले. या कमाल दराच्या आत शुल्क शून्य ठेवावे की पन्नास टक्के, हा सर्वस्वी आपल्या सरकारचा निर्णय आहे; त्यासाठी जिनिव्हात, म्हणजे या संघटनेच्या मुख्यालयात, कोणाची परवानगी लागत नाही आणि चौकशीही करावी लागत नाही, राजपत्रातील एक अधिसूचना पुरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावले गेले ते याच मार्गाने.

सेफगार्ड हा त्यापुढचा उपाय आहे. गॅट कराराचे (शुल्क व व्यापारविषयक सर्वसाधारण कराराचे) एकोणिसावे कलम आणि १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेला सेफगार्ड करार यांनुसार, अनपेक्षित घडामोडींमुळे आणि करारातून स्वीकारलेल्या बंधनांच्या परिणामी आयात अचानक वाढली आणि तिच्यामुळे देशी उद्योगाचे गंभीर नुकसान झाले किंवा होण्याचा धोका निर्माण झाला, तरच देशाला आपल्या बंधनातून काही काळ सूट घेता येते. आपल्याकडे यासाठी सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ चे कलम ८ब आणि १९९७ चे नियम आहेत, आणि चौकशी व्यापार उपाय महासंचालनालय करते. तात्पुरते शुल्क जास्तीत जास्त २०० दिवस, अंतिम शुल्क चार वर्षांपर्यंत आणि मुदतवाढ धरून दहा वर्षांपर्यंत ठेवता येते. अँटी-डम्पिंगप्रमाणे (अवास्तव स्वस्त निर्यातीवरील शुल्काप्रमाणे) समोरच्याने लबाडी केल्याचे येथे सिद्ध करावे लागत नाही, पण म्हणूनच नुकसानीची कसोटी अधिक कडक आहे, आणि निर्यातदार देशाला भरपाईची बोलणी करण्याचा हक्कही आहे.

आता तुरीकडे पाहू. तुरीच्या आयातीची वाढ ‘करारातील बंधनांच्या परिणामी’ झाली असे म्हणता येईल का? शंभर टक्क्यांपर्यंत मोकळीक असताना शुल्क शून्यावर ठेवण्याचे बंधन कोणीही घातलेले नव्हते. तो दिल्लीतला निर्णय होता. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या पोलाद पत्र्याच्या वादात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने असे ठरवले, की त्या वस्तूवर इंडोनेशियाने कोणताही बद्ध दर स्वीकारलेला नसल्याने त्याने लावलेले शुल्क ‘सेफगार्ड’ या संज्ञेतच बसत नाही. तुरीला बद्ध दर आहे, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु ज्या बंधनाने हात बांधलेलेच नाहीत त्यातून सूट मागण्यात अर्थ नाही, हा त्यामागचा विचार येथेही चालतो. शिवाय ‘अनपेक्षित घडामोड’ कोणती सांगणार? मोझांबिककडून वर्षाला दोन लाख टनांपर्यंत तूर घेण्याचा सामंजस्य करार २०१६ चा, तर म्यानमार आणि मलावी यांच्याशी झालेले करार २०२१ चे आहेत. ज्याने स्वतःच दार उघडून पाहुण्याला बोलावले, त्याने पाहुणा अवचित आला अशी तक्रार करावी, तसे ते होईल.

सोयातेलाची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे, आणि मला तीच अधिक बोधक वाटते. सोयातेलाचा बद्ध दर इतर खाद्यतेलांसारखा ३०० टक्के नसून फक्त ४५ टक्के आहे. म्हणजे उद्या शुल्क ४५ टक्क्यांना टेकले आणि तरीही अर्जेंटिना-ब्राझीलचे तेल येतच राहिले, तर सेफगार्डची खरी गरज येथेच पडेल. परंतु तेव्हा अर्ज कोण करणार? कायद्याच्या भाषेत ‘देशी उद्योग’ म्हणजे आयात होणाऱ्या वस्तूसारखीच किंवा तिच्याशी थेट स्पर्धा करणारी वस्तू तयार करणारे उत्पादक. आयात तेलाची होते, बार्शीचा शेतकरी मात्र सोयाबीन पिकवतो. अमेरिकेने १९९९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या कोकराच्या मांसावर असाच उपाय योजला होता, आणि देशी उद्योगात मांस तयार करणाऱ्यांबरोबर कोकरे पाळणाऱ्यांनाही धरले होते. २००१ मध्ये अपील मंडळाने ते अमान्य केले : कोकरू आणि मांस या वेगवेगळ्या वस्तू आहेत, एकीपासून दुसरी बनते एवढ्याने पशुपालक हा मांसाचा उत्पादक ठरत नाही. हाच न्याय लावला तर सोयातेलाच्या चौकशीत देशी उद्योग म्हणून तेल गिरण्या उभ्या राहतील, शेतकरी नाही. आणि बऱ्याच मोठ्या रिफायनऱ्या स्वतःच कच्चे तेल आयात करत असल्याने त्यांना कच्च्या तेलावर शुल्क नको असते. कच्च्या आणि रिफाइंड तेलावरील शुल्कातला फरक वाढलेला हवा असतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाच्या रिफाइंड पाम तेलावर १८० दिवसांसाठी ५ टक्के सेफगार्ड शुल्क लागले होते. तो भारत-मलेशिया करारातील द्विपक्षीय उपाय होता. त्या करारामुळे मलेशियाच्या रिफाइंड तेलाला ४५ टक्के आणि इतरांना ५० टक्के असा फरक पडला होता, आणि तो भरून काढण्यासाठी सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन या तेल उद्योगाच्या संघटनेच्या अर्जावर चौकशी झाली. त्यातून देशातल्या रिफायनरीचे संरक्षण साधत होते. तेलबिया पिकवणाऱ्याचा त्या प्रकरणात थेट संबंध नव्हता.

थोडक्यात, तुरीच्या बाबतीत आपण देशी उद्योग ठरू शकता पण उपायाची गरज नाही, आणि सोयातेलाच्या बाबतीत कधीतरी गरज पडेल पण आपण देशी उद्योग ठरणार नाही.

उत्तर २ : अडतदार, बार्शी

वरचे उत्तर कायद्याच्या अंगाने पटण्यासारखे आहे. बाजारात बसणाऱ्याच्या दृष्टीने मला वेळेचा मुद्दा मांडावासा वाटतो. आफ्रिकेची तूर साधारण सप्टेंबरपासून बंदरांवर उतरू लागते आणि म्यानमारची नवी लेमन तूर आपल्या आवकेच्या तोंडावरच तयार होते. डाळ मिलवाल्याकडे आधीच साठा असेल तर जानेवारीत आपल्या मालाला बोली चढत नाही, हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. अशा वेळी अनेक महिने चालणारी चौकशी, उत्पादन, विक्री, नफा-तोटा, रोजगार आणि क्षमतेचा वापर यांचे तक्ते मागणारी प्रश्नावली, आणि त्यानंतर शिफारस असा क्रम असेल, तर निकाल लागेपर्यंत शेतकऱ्याची तूर विकून झालेली असेल. पोलादाचे उत्पादक मोजके आहेत आणि प्रत्येकाची हिशोबाची वही तयार असते. दोन-तीन एकरांवर तूर करणाऱ्याने ‘क्षमतेचा वापर’ या रकान्यात काय लिहायचे?

म्हणून मला असे सुचवायचे आहे, की बाजारभाव हमीभावाखाली गेला की आयात शुल्क आपोआप वाढेल आणि वर आला की उतरेल, अशी व्यवस्था मागावी. त्यात अर्जही नको आणि चौकशीही नको.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : वैरागचा शेतकरी

दोघांचेही आभार. अडतदारांची सूचना बैठकीत सर्वांना आवडेल. दोन शंका राहतात. पहिली अशी, की मोझांबिक आणि म्यानमार हे अल्पविकसित देश असल्याने त्यांचा माल विनाशुल्क येतो असे ऐकले. मग सर्वसाधारण शुल्क वाढवून काय उपयोग? दुसरी अशी, की श्रीमंत देशांना शेतमालासाठी नुकसान सिद्ध न करता वापरता येणारा वेगळा सेफगार्ड मिळाला आहे, असे एका व्याख्यानात ऐकले होते. तो आपल्याला का नाही?

उत्तर ३ : अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. अल्पविकसित देशांना दिलेली शुल्कमाफी ही भारताने २००८ पासून स्वतःहून दिलेली सवलत आहे. त्यातून एखादी वस्तू वगळणे राजनैतिकदृष्ट्या अवघड असेल, कायद्याने अशक्य नाही. मात्र सर्वसाधारण शुल्क वाढवा एवढेच लिहून थांबलात, तर तुरीपुरती ती मागणी पोकळ राहील, हे आपण अचूक ओळखले आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागते. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराच्या पाचव्या कलमात विशेष कृषी सेफगार्ड आहे. आयातीचे प्रमाण ठरावीक पातळीच्या वर गेले, किंवा आयात किंमत १९८६ ते १९८८ च्या सरासरी संदर्भ किमतीखाली घसरली, की जादा शुल्क लावता येते. नुकसानीचा पुरावा लागत नाही आणि भरपाईही द्यावी लागत नाही. परंतु ज्यांनी आयातीवरील जुन्या बिगरशुल्क अडथळ्यांचे (कोटा, परवाने इत्यादींचे) शुल्कात रूपांतर केले आणि संघटनेला दिलेल्या आपल्या दरांच्या तक्त्यात त्या वस्तूपुढे तशी नोंद केली, त्यांनाच हा अधिकार मिळाला. असे ३९ सदस्य होते. भारताने त्या वेळी परकीय चलनाच्या तुटीचे कारण देऊन संख्यात्मक निर्बंध (आयातीच्या प्रमाणावरील मर्यादा) चालू ठेवले आणि रूपांतराऐवजी उंच कमाल दर बांधून घेतले, म्हणून हा अधिकार आपल्याकडे नाही. पुढे अमेरिकेने नेलेल्या वादात १९९९ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि १ एप्रिल २००१ पर्यंत ते निर्बंधही काढावे लागले. उंच दर आपल्या हाती राहिले, स्वयंचलित सेफगार्ड राहिला नाही. माझ्या मते तो सौदा तुरीसाठी वाईट नव्हता, सोयातेलासाठी होता.

विकसनशील देशांसाठी अशीच विशेष सेफगार्ड यंत्रणा असावी, असे जागतिक व्यापार संघटनेच्या २००५ च्या हाँगकाँग परिषदेत मान्य झाले. पण जुलै २००८ मध्ये जिनिव्हाची बोलणी फिसकटली, त्यात या यंत्रणेचा मोठा वाटा होता. आयात किती वाढल्यावर जुन्या कमाल दराच्याही वर जाता यावे, यावर वाद होता. प्रस्ताव आधार पातळीच्या (मागील काही वर्षांच्या सरासरी आयातीच्या) १४० टक्क्यांचा होता, भारत आणि त्याच्या बाजूचे देश त्याहून बराच खालचा उंबरठा मागत होते, आणि अमेरिका मागे हटली नाही. २०१५ मध्ये संघटनेच्या नैरोबी परिषदेत चर्चा चालू ठेवण्याचे ठरले. यंत्रणा अजून अस्तित्वात नाही, त्यामुळे निवेदनात तिची मागणी करायची तर ती स्वतंत्र परिच्छेदात करावी आणि या हंगामाशी जोडू नये.

अडतदारांच्या सूचनेबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. देशी किमतीला बांधलेले, सूत्राने आपोआप वरखाली होणारे शुल्क कृषी कराराच्या कलम ४.२ ने निषिद्ध केले आहे. चिलीने गहू, साखर आणि खाद्यतेलांसाठी किंमतपट्टा, म्हणजे किंमत ठरावीक पट्ट्याबाहेर गेली की सूत्राने शुल्क बदलण्याची पद्धत, ठेवला होता. एकूण शुल्क बद्ध दराच्या आत राहते हा बचाव २००२ मध्ये अपील मंडळाने स्वीकारला नाही, आणि २०१५ मध्ये पेरूच्या तशाच पद्धतीचेही तेच झाले. अडचण शुल्क वाढवण्याची नसून ते सूत्राने आपोआप हलण्याची आहे. हंगामाआधी सरकारने स्वतंत्र अधिसूचना काढून जानेवारी ते एप्रिल असा काळ आणि ठरावीक टक्के जाहीर केले, तर त्याला कमाल दराच्या आत कोणी हरकत घेऊ शकत नाही.

म्हणून मसुद्यातील पहिली मागणी अशी असावी असे सुचवतो : ‘तुरीवरील शून्य शुल्क रद्द करून आवकेच्या महिन्यांत बद्ध दराच्या मर्यादेत ठरावीक आयात शुल्क लावावे, ते अल्पविकसित देशांच्या सवलतीतील तुरीलाही लागू करावे, आणि कच्च्या सोयातेलावरील शुल्क सोयाबीनच्या काढणीपूर्वी किमान सप्टेंबर २०२४ च्या पातळीवर न्यावे.’ त्यात सेफगार्ड हा शब्द कुठेही येऊ देऊ नये, कारण तो दिसताच निवेदन व्यापार उपाय महासंचालनालयाकडे वळवले जाईल आणि तेथून आपल्याला अर्जाचा नमुना येईल.