पद्मिनीचं इंजिन उतरवायचं: गिअरबॉक्ससकट की गिअरबॉक्सशिवाय?

कर्वेनगरी_फियाट

घरी १९७५ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, सगळं जसंच्या तसं. दोन वर्षं झाली, निळा धूर सोडतेय. पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिते असं बायको म्हणते, आणि ते अगदीच खोटं नाही. आमच्या मिस्त्रींनी परवा बॉनेट उघडलं, डोकं वाकडं करून मिनिटभर ऐकलं आणि निकाल दिला, "साहेब, इंजिन उतरवावं लागणार. आधी खालून गिअरबॉक्स पाडू, मग वरून इंजिन ओढू."

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

नऊ वर्षांपूर्वी क्लचच्या कामासाठी एका गॅरेजात असाच गिअरबॉक्स पाडला होता. परत चढवताना मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दातेरी भोकातून आत गेला, एवढ्यात हाताखालच्या पोराने जॅक सोडला आणि तो चहा आणायला गेला. बोल्ट एकही लागलेला नाही. पाच-सात मिनिटं अख्खा गिअरबॉक्स त्या शाफ्टवर लोंबकळत होता. आपण काय बघतोय हे मला तेव्हा कळलंच नाही. प्लेटचा मधला भाग वाकला. तेव्हापासून क्लच पूर्ण दाबला तरी पहिला गिअर टाकताना कर्रर्र.

म्हणून माझं मत: दोन्ही जोडलेलेच, एका तुकड्यात, वरून काढायचे. रेडिएटर, पंखा, कार्ब्युरेटर, सेल्फ बाजूला करा. सायलेन्सरचा पाइप सोडा. खाली प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा), स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या दांड्या सोडा, मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते पाय, खोला. साखळी अशी बांधा की इंजिनचं तोंड वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली. मग उचला. दोघांची ताटातूट टेबलावर, उजेडात, उभं राहून. बसवतानाही तसंच. सगळ्या कामात नाजूक जागा ती एकच, आणि तेवढीच नेमकी गाडीखाली उताणं पडून, डोळ्यात माती पडत असताना का करायची?

चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, भाड्याने मिळतोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन रविवारांत उरकायचा विचार आहे. मतं द्या. "विकून टाका" सोडून काहीही.

चोकओढ्या

विकून टाका म्हणत नाही. उतरवा असंही म्हणत नाही. वरात कुठल्या दाराने न्यायची यावर तुमचं आणि मिस्त्रींचं भांडण चाललंय. लग्न ठरलंय का ते तरी बघा.

धूर कधी येतो? सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन येऊन थांबतो का? किंवा कात्रजचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ठेवला आणि खाली येऊन परत दाबला की येतो? तसं असेल तर व्हॉल्व्हचे गाइड बघा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या. ते हेडमध्ये, इंजिनच्या वरच्या भागात असतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकटा माणूस काखेत मारून रिक्षाने कामाला नेऊन टाकतो. इंजिन जागचं हलायला नको. चढावर पाय दाबून ठेवल्यावर सतत येत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलंय का? इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, गेजवरचा आकडा लिहा. मग प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा तेच. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं भोक), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. पाऊण तासाचं काम. ते न करता चेन ब्लॉक आणणं म्हणजे ताप न मोजता पोट फाडायला घेणं. मिस्त्रींच्या कानाबद्दल आदर आहे, पण कान म्हणजे गेज नव्हे.

भोसरी_लेथ

चोककाका बरोबर बोलले. पण मूळ मुद्द्यावर धागाकर्त्यांशी असहमत. आमच्याकडे ब्लॉक बोअरिंगला येतात, क्रँक ग्राइंडिंगला येतात, आणि सोबत फुटलेल्या गोष्टीही येतात.

एकत्र काढण्यात दोन भानगडी आहेत. पहिली उंची. शेपटी लावलेलं इंजिन तिरकं केलं की लांबलचक होतं, आणि ते पुढच्या पत्र्याच्या वरून न्यायचंय. दुसरी झोका. लांब धूड साखळीवर फिरतं. एक माणूस शेपटी धरायला, एक तोंड धरायला, एक साखळी ओढायला. तिघांपैकी एकाचा फोन वाजला की मागच्या पत्र्याला नाहीतर काचेला टोला.

तुमचा क्लच त्या पद्धतीने नाही घालवला, चहाने घालवला. गिअरबॉक्स पाडायची नीट रीत अशी: बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे, जे बोल्ट इंजिनात शिरतात त्यातले वरचे दोन निवडा. त्याच आट्याचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकाला करवतीने खाच मारा म्हणजे नंतर पेचकसाने निघतील. मूळ बोल्ट काढून हे दोन बसवा. गिअरबॉक्स त्यांच्यावरून रुळावरून सरकावा तसा सरळ मागे येतो, वजन शाफ्टवर पडतच नाही. खाली जॅकवर लाकडी फळीचा पाळणा. चढवताना हीच गंमत उलटी. क्लच प्लेट मधोमध धरायला भंगार गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरा. माझा मी जुन्या बाजारातून उचललाय, एका बुधवारी. विकणाऱ्याला तो कशाचा ते माहीत नव्हतं, त्याने लोखंडाच्या भावात दिला.

कर्वेनगरी_फियाट

डोकी कापलेल्या बोल्टांची युक्ती मानली. नऊ वर्षांपूर्वी भेटायला हवे होतात.

पण भाऊ, तुमच्याकडे खड्डा किंवा लिफ्ट असणार. मी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उचललेल्या गाडीखाली हातभर जागेत. छातीवर गिअरबॉक्स घेऊन सरळ रेषेत मागे ओढणं कागदावर सोपं आहे. शिवाय इंजिन तुम्ही वरून काढणारच, म्हणजे साखळी आलीच, झोका आलाच. एकाऐवजी दोन संकटं.

कॉम्प्रेशन घेतलेलं नाही. कबूल.

पाचवा_मजला

गाडीतलं मला काही कळत नाही, सोसायटीतलं कळतं. सेक्रेटरी होते चार वर्षं.

तुमचा तो चेन ब्लॉक टांगणार कशाला? आमच्या पार्किंगमध्ये माझ्या मिस्टरांनी हात वर केला की बीमला लागतो, त्याखालून ड्रेनेजचे पाइप गेलेत. तुमचंही फार वेगळं नसेल. पंख्याच्या हुकाला टांगायचा विचार असेल तर तो हुक पंख्यासाठी असतो. वरच्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात.

आणि "दोन रविवार" यावर माझा विश्वास नाही. दिरांनी लॅम्ब्रेटा अशीच दोन रविवारांसाठी उघडली होती. सात वर्षं झाली, चार पोत्यांत आहे. दर दिवाळीला पोती झटकून परत ठेवतात.

टेकडीवरचा

काढलंच बाहेर तर परत बसवता कशाला? मोटर टाका, बॅटरी टाका. धूर नाही, गाइड नाहीत, रिंगा नाहीत. हे गमतीत लिहीत नाहीये, नोकरीच त्यातली आहे. एवढ्याशा हलक्या गाडीला छोटी मोटरसुद्धा पुरते. रोजच्या पेठांमधल्या ट्रॅफिकमध्ये चोक ओढत बसण्यात कसली आलीय संस्कृती? लोक आजोबांच्या दम्याला परंपरा म्हणतात.

चोकओढ्या

आजोबांचा दमा बरा करायचा असतो, आजोबा बदलायचे नसतात.

संगमपुलावरून

आरटीओला माझ्या खूप चकरा झाल्यात म्हणून लिहितो. मोटर टाकायची तर मान्यताप्राप्त किट लागतं आणि आरसीवर बदलाची नोंद लागते. टेकडीवरच्यांना माहीतच असेल, गाड्या तपासणारी संस्था एआरएआय त्यांच्याच टेकडीवर आहे. मनाने बसवून फिरता येत नाही. इंजिनचा नंबरही आरसीवर असतो, त्यामुळे "दुसरा चांगला ब्लॉक टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर आधी कागद.

दुसरं. गाडी १९७५ची, म्हणजे पन्नाशी झाली. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केला की हा दरवाजा बंद. मोटरवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.

मात्र व्हीए घेतली की ती रोज फिरवायची गाडी राहत नाही. रॅली, प्रदर्शन, त्यासाठी पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढंच. खडकवासल्याला कणीस खायला नेलीत तर ती रॅली धरत नाहीत. मी स्वतः म्हणून घेतलेली नाही.

टेकडीवरचा

नोंदीचं मान्य. मी फक्त इतकंच म्हणतो की मूळ रूप जपायचं आणि ती दारात झाकून ठेवायची, यापेक्षा बदलून चालवलेली बरी. एवढं बोलून थांबतो, नाहीतर चोककाका मला घाटात ढकलतील.

वाड्यातला

मी धागाकर्त्यांच्या बाजूचा. पण माझी गोष्ट ऐकून तुम्हीच बाजू बदलाल.

साल १९८८. आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात चिंच होती. काकांची फियाट, ११०० डिलाइट. काकांनी आणि मी मिळून चिंचेच्या फांदीला कप्पी बांधली, इंजिन-गिअरबॉक्स एकत्र उचललं. अगदी तुम्ही लिहिलंय तसं, तोंड वर, शेपटी खाली. निघालं हो! लोण्यातून केस निघावा तसं. आणि मग ते हवेत सावकाश गोल फिरायला लागलं. फांदी करकरली. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. काकांनी दचकून दोर सोडला नाही, त्याबद्दल मी आजही त्यांना मानतो, पण शेपटी फिरली ती समोरच्या काचेवर.

तरीही सांगतो, एकत्रच काढा. काच बाजारात मिळाली. इंजिन आणि गिअरबॉक्स टेबलावर सुटे केले तेव्हा मागच्या सीलमधून क्लचवर ऑइल येत होतं ते डोळ्यांनी दिसलं. गाडीखाली ते टॉर्चच्या उजेडात दिसलं नसतं. फक्त शेपटीला दोर बांधून एका माणसाच्या हातात द्या. आम्ही तो बांधला नव्हता.

आणि नटबोल्ट. एका घमेल्यात टाकू नका. श्रीखंडाचे रिकामे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी: "सेल्फ", "फाउंडेशन डावं", "बेलहाउसिंग वरचे". काका फियाटला मेट्रिक पाने, अँबेसेडरला इंची पाने हे बजावून सांगायचे, आणि त्यांचे पाने मात्र कायम एकाच पिशवीत.

भोसरी_लेथ

बघा, काच फुटलीच ना. मी वेगळं काय सांगितलं होतं?

कर्वेनगरी_फियाट

काल संध्याकाळी गेज आणलं. चोककाका, तुमच्या पद्धतीने, गरम इंजिनवर. कोरडे आकडे: ११५, ११०, ७०, ८५. ऑइल टाकून: १२०, ११५, ११०, ८८.

म्हणजे तिसऱ्यात रिंगा, चौथ्यात व्हॉल्व्ह. तुमच्यापैकी कुणालाच मी हरलो म्हणू शकत नाही आणि जिंकलोही म्हणू शकत नाही. बोअर मोजायचा तर ब्लॉक लेथवर न्यावाच लागणार, म्हणजे इंजिन उतरणार. क्लच प्लेटही तशीही बदलायचीच आहे.

पार्किंग रद्द. टेपने मोजलं, बीमच्या खालून सात फूट दोन इंच. पाचव्या मजल्याच्या ताईंना नमस्कार. धायरीला मावसभावाची लोखंडी शेड आहे, वर गर्डर आहे, तिथे टो करून नेतोय. गिअरबॉक्ससकटच काढणार, शेपटीला दोर बांधून. मिस्त्रींना सांगितलं, ते म्हणाले, "तुमची गाडी, तुमची हौस," आणि बिडी पेटवली. येतो म्हणाले आहेत, बघायला.

चोकओढ्या

चौथ्याचा व्हॉल्व्ह जळलाय की नुसतं टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट) कमी आहे ते हेड काढायच्या आधी बघितलंत का? फीलर गेज, ती फट मोजायची पातळ पट्टी, घाला. चिकटून बसला असेल तर त्या एका सिलिंडरचं तरी निदान फुकटात होईल.

भोसरी_लेथ

रविवारी किती वाजता? शेपटीचा दोर मी धरतो. माझं म्हणणं सोडलेलं नाही, पण झोका माझ्यासमोर गेलेला बरा. लांब बोल्टही आणतो, बसवताना टेबलावरसुद्धा लागतील. आणि त्या दिवशी चहा आधी पिऊन घ्यायचा.