हॉस्पिटलच्या मेडिकल लायब्ररीसाठी वाचकांचे अभिप्राय कसे घ्यावेत? फॉर्म भरून येतात, पण ठरवता काहीच येत नाही

पुस्तकघर
नमस्कार. ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. डीएनबीचे (डॉक्टरांचं पदव्युत्तर शिक्षण) रेसिडेंट आहेत, आवारातच नर्सिंग कॉलेज. कन्सल्टंट, रेसिडेंट, सिस्टर, विद्यार्थिनी, फिजिओ मिळून वाचक साधारण ३००. दरवर्षी व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म फिरतो. 'लायब्ररीच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' याला बहुतेक सगळे 'चांगली' वर टिक करतात आणि सूचनांत 'एसी बसवा', 'वेळ वाढवा' एवढंच लिहितात. कोणती जर्नल ठेवायची, कोणती काढायची, हे यावरून कळत नाही आणि वर्गणीची यादी तर डिसेंबरच्या आत द्यायची असते. लिबक्वाल (लायब्ररीच्या सेवेचा दर्जा मोजणारी तयार प्रश्नावली) वापरावं का? नेमकं काय विचारावं, कोणाला आणि कधी?

संदर्भ_विभाग
लिबक्वाल मोठ्या विद्यापीठांसाठी ठीक आहे. त्यात मूळ २२ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला तीन गुण द्यायचे: किमान किती हवं, मनापासून किती हवं, प्रत्यक्षात किती मिळतं. म्हणजे ६६ टिका. ड्यूटीवरचा रेसिडेंट दहाव्या टिकेनंतर डोळे मिटून ७-७-७ करत जाणार. त्यातली कल्पना मात्र जरूर उचला. 'मिळतं' मधून 'किमान' वजा करा. उत्तर उणे आलं, की दुरुस्ती तिथे आधी. चार-पाच सेवांपुरतं हे पुरे.

आता तुमच्या प्रश्नाचं. 'समाधानी आहात का' हे विचारणंच सोडा. लायब्ररीत पाऊल न टाकणारा माणूसही समाधानी असतो, आणि कोणी मत विचारलं की आपल्याकडे भिडेनं चांगलंच सांगतात. त्याऐवजी घडलेल्या एका प्रसंगाबद्दल विचारा:

'पेशंटबद्दल किंवा अभ्यासासाठी काहीतरी शोधावं लागलं, असं शेवटचं कधी झालं? काय शोधत होतात? आधी कुठे पाहिलंत? मिळालं का? किती वेळ गेला? नाही मिळालं तर पुढे काय केलंत?'

या पाच-सहा ओळींच्या उत्तरात सगळं येतं. 'टेलिग्रामवरून पीडीएफ घेतली', 'सिनियरला विचारलं', 'सोडून दिलं', ही उत्तरं तुमच्या कामाची. सोडून दिलेल्या गोष्टींची यादी वेगळी काढा, सुधारणा तिथूनच सुरू होते.

१९९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या हॉस्पिटल लायब्रऱ्यांबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांना हातातल्या केसबद्दल लायब्ररीकडून माहिती मागवायला लावली आणि ती मिळाल्यावर उपचारात काही बदल केला का, हे विचारलं. सुमारे ८० टक्के जणांनी होय म्हटलं. ट्रस्टींसमोर बजेट मांडताना सरासरी गुणांपेक्षा असा पुरावा जास्त चालतो.

आणखी एक. एका प्रश्नात दोन गोष्टी घालू नका. 'वेळ आणि बसण्याची सोय योग्य आहे का' याचं 'नाही' कशाला आहे, ते नंतर कळत नाही. फॉर्म पक्का करण्याआधी चार-पाच जणांना समोर बसवून भरायला द्या. जिथे पेन थांबतं तो प्रश्न बदला.

कोहा_आणि_काउंटर
जर्नलचा निर्णय अभिप्रायावर सोडूच नका. आधी जे आकडे पडून आहेत ते बघा.

प्रकाशकाच्या अॅडमिन पानावर 'काउंटर'चे रिपोर्ट असतात (ऑनलाइन जर्नलचा वापर मोजायची ठरलेली पद्धत, लायब्ररीतलं काउंटर नव्हे). टीआर_जे१ मध्ये जर्नलवार किती लेख उघडले ते दिसतं. त्यात 'युनिक आयटम रिक्वेस्ट'चा रकाना घ्या, तिथे असा लेख एकदाच धरतात. 'टोटल'मध्ये एकच लेख आधी एचटीएमएल आणि मग पीडीएफ असा उघडला की दोनदा मोजला जातो. वर्गणीला या आकड्याने भागा. ६०,००० चं जर्नल आणि वर्षात १२ लेख, म्हणजे लेखाला ५,००० रुपये. ते बंद करून लागेल तो लेख डेलनेटमार्फत (लायब्रऱ्यांनी एकमेकींना साहित्य पुरवण्याचं जाळं) मागवलेला परवडतो. पण न्यूरोसर्जन दोनच असतील तर आकडा छोटाच येणार, म्हणून अशा विभागांची जर्नल काढण्याआधी त्यांच्याशी समक्ष बोला.

टीआर_जे२ म्हणजे दारातून परत गेलेले वाचक, वर्गणी नसल्यामुळे अडलेल्या विनंत्या. नवीन काय घ्यायचं ते इथे सापडतं. यात मोठी फट आहे ती लक्षात ठेवा: प्रकाशक तुम्हाला आयपीवरून, म्हणजे हॉस्पिटलच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखतो. रेसिडेंटने हॉस्टेलवर मोबाइल डेटावरून लेख उघडायचा प्रयत्न केला, तर तो 'परत गेला' म्हणून तुमच्या खात्यात येतच नाही. त्याला पैसे मागणारं पान दिसतं आणि 'आपल्याकडे हे जर्नल नाही' असं तो धरून चालतो. फॉर्ममध्ये 'तेव्हा कुठे होतात, कोणतं इंटरनेट होतं' हे जरूर विचारा. अर्ध्या तक्रारी जर्नलच्या नसून रिमोट अॅक्सेसच्या (हॉस्पिटलबाहेरून जर्नल उघडण्याच्या सोयीच्या) निघू शकतात, आणि त्यावरचा उपाय नव्या वर्गणीपेक्षा स्वस्त पडतो.

छापील पुस्तकांसाठी: फक्त इश्यू मोजलेत तर संदर्भग्रंथ 'पडून' दिसतील, कारण ते घरी जातच नाहीत. कोहा (लायब्ररीचं सॉफ्टवेअर) असेल तर सिस्टिम प्रेफरन्समध्ये 'रेकॉर्ड लोकल यूज ऑन रिटर्न' चालू करा, 'वाचून झाल्यावर पुस्तक टेबलावरच ठेवा' अशी पाटी लावा आणि रोज संध्याकाळी ती पुस्तकं चेक-इन (परत आल्याची नोंद) करून मग रॅकवर लावा. इश्यू नसलेलं पुस्तक चेक-इन झालं की आतल्या वापरात धरलं जातं.

काउंटरवर एक वही: तारीख, पद, काय मागितलं, का देता आलं नाही. नाव नको. ही 'नाही मिळालं' वही महिनाभर नीट भरली तरी फॉर्मपेक्षा जास्त सांगते. नीट न भरण्याचं कारण एकच असतं, गर्दीत हात मोकळा नसतो, म्हणून कारणांचे चार रकाने आधीच आखून ठेवा आणि फक्त खूण करा: संग्रहात नाही, बाहेर गेलंय, सापडलं नाही, जुनी आवृत्ती.

ट्यूटर_मॅडम
सिस्टरांचा मुद्दा राहिला. इंग्रजी गूगल फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तर मेट्रन मॅडमच्या ग्रुपवर येतो. तिथे कोण खरं लिहिणार? मराठीत, एका पानाचा, कागदी फॉर्म द्या. ओव्हर देता-घेताना (ड्यूटी बदलताना) मुळीच देऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला सवड नसते. इन-सर्व्हिस क्लासच्या (नोकरीत असलेल्या सिस्टरांचं प्रशिक्षण) शेवटची दहा मिनिटं मागून घ्या, तिथेच भरून पेटीत टाकू द्या. पेटी इन-चार्ज सिस्टरच्या टेबलावर नको, चेंजिंग रूमबाहेर ठेवा. नाइटवाल्यांसाठी वॉर्डवार पाकिटं. आणि 'लायब्ररीत का येत नाही' असं विचारू नका, ते जाब विचारल्यासारखं वाटतं. 'ड्रग डायल्यूशन किंवा एखादी प्रोसिजर बघायची असेल तर कुठे बघता?' असं विचारा.

पुस्तकघर
खूप आभार. ३०० पैकी किती फॉर्म आले म्हणजे पुरे? आणि कोणत्या महिन्यात घ्यावा?

संदर्भ_विभाग
९५ टक्के खात्री आणि ५ टक्के इकडेतिकडे हवं असेल तर ३०० मध्ये १६९ लागतात. १० टक्के चालत असेल तर ७३. पण हे गणित चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली तरच लागू. लिंक सगळीकडे टाकली आणि ७३ जणांनी आपणहून भरली, तर ती बहुधा रोज लायब्ररीत येणारीच मंडळी. यादीतून गटवार नावं काढा आणि त्यांनाच गाठा. कन्सल्टंट फॉर्म भरत नाहीत, त्यांच्या ओपीडीनंतर पाच मिनिटं जाऊन वरचे प्रसंगाचे प्रश्न तोंडी विचारा आणि तुम्हीच लिहून घ्या.

रेसिडेंटांच्या परीक्षेचा महिना टाळा, तेव्हा फक्त खुर्च्या आणि वेळ याच मागण्या येतात. डिसेंबरची यादी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर बरा. ऑक्टोबरात तीन स्तंभांचं एक पान नोटिस बोर्डावर लावा: तुम्ही काय सांगितलंत, आम्ही काय केलं, काय जमणार नाही आणि का. तिसरा स्तंभ वगळू नका. तो वाचून लोक पुढच्या वर्षी फॉर्म भरतात.