ग्रीस, २०१५ : बँका बंद असताना घरं कशी चालली?

वसंतविहार_कट्टा (ठाणे पश्चिम)

नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या रविवारी ग्रीसच्या काटकसरीच्या वर्षांवर बोलायचं आहे. काटकसरीच्या अटींवर ग्रीसला बाहेरून मिळालेल्या कर्जाचे आकडे जमवलेत : २०१० मध्ये ११० अब्ज युरो, २०१२ मध्ये आणखी १३० अब्ज, २०१५ मध्ये ८६ अब्जांपर्यंत. पण ऐकणारे बहुतेक निवृत्त लोक आणि गृहिणी आहेत. त्यांना अब्ज नकोत, घर हवं. म्हणून तीन प्रश्न.

बँका तीन आठवडे बंद होत्या, तेव्हा पैसे हातात कसे येत होते? घरपट्टी विजेच्या बिलातून वसूल केली म्हणतात, ती कशी? आणि जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जाच्या अटींना 'नको' म्हटल्यावरही त्याच अटी का आल्या?

शिवाय कट्ट्यातले चौघे ऑक्टोबरअखेर अथेन्सला निघालेत. तिथली एटीएम चालत नाहीत असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय, तेव्हा रोख किती न्यावी तेही सांगा.

बेलापूरकर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. २८ जून २०१५, रविवार. ग्रीक बँकांना मिळणारी आपत्कालीन रोकड युरोपियन मध्यवर्ती बँकेने होती त्या पातळीवर थांबवली, सुमारे ८९ अब्ज युरोंवर. लोक आधीपासूनच ठेवी काढत होते. सोमवारी शाखा उघडल्या असत्या तर तिजोऱ्यांचा तळ लगेच दिसला असता. म्हणून २९ जूनपासून बँका बंद झाल्या, त्या २० जुलैला उघडल्या.

एटीएममधून रोज ६० युरो मिळायचे. काही दिवसांतच २० च्या नोटा संपत आल्या, यंत्रात उरल्या ५० च्या. त्यामुळे हातात प्रत्यक्षात ५० च पडायचे. ज्या पेन्शनरांकडे कार्डच नव्हतं त्यांच्यासाठी १ जुलैपासून सुमारे हजार शाखा उघडल्या. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे दिवस वाटून दिले होते आणि माणशी १२० युरो, तेही आठवडाभरासाठी.

देशातल्या देशात कार्डाने पैसे देणं चालू होतं. अडलं ते देशाबाहेर जाणारं. औषधं, सुटे भाग, कच्चा माल मागवणाऱ्याला आधी त्यासाठी नेमलेल्या समितीची परवानगी लागायची. अथेन्समधल्या बस आणि मेट्रो त्या दिवसांत फुकट ठेवल्या होत्या.

कट्ट्यावर नोव्हेंबर २०१६ च्या आपल्या रांगांची आठवण हमखास निघेल. तेव्हा फरक नीट सांगा. आपल्याकडे नोटा बदलल्या आणि नव्या छापायचा अधिकार आपल्याच रिझर्व्ह बँकेकडे होता. ग्रीसमध्ये नोटा त्याच राहिल्या, पण त्या किती छापायच्या हे अथेन्सच्या हातात नव्हतं.

सीवूड्स_वाचक

बेलापूरकर, एक दुरुस्ती. सुरुवातीचे ६० युरो माणशी नव्हते, कार्डागणिक होते. ज्या घरात तीन कार्डं त्या घरात १८० यायचे, आणि आजीच्या एका पासबुकावर चालणाऱ्या घरात एटीएममधून काहीच नाही. बँका उघडल्यावर हिशेब आठवड्याला ४२० युरो असा झाला, तोही माणशी आणि बँकेगणिक. त्यामुळे रोज रांगेत उभं राहायची गरज संपली. कट्ट्यावर हा भाग जरूर सांगा, कारण बेकारी २७ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर अनेक घरं आजी-आजोबांच्या पेन्शनवरच तगली होती, आणि ती पेन्शनही पुन्हा पुन्हा कापली जात होती.

माजिवडा_सेक्रेटरी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोसायटीत राहणाऱ्याला चटकन समजेल.

हा कर २०११ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाला. लोकांनी त्याचं नाव पाडलं 'हारात्सी'. शब्द तुर्की राजवटीतला, आपल्या इतिहासात येणाऱ्या 'खराज'चाच सख्खा भाऊ. नावातच राग आहे.

विजेचं बिल का निवडलं? तिथे नगरपालिकेची सफाईपट्टी आधीपासूनच विजेच्या बिलातून, घराच्या क्षेत्रफळावर घेतली जायची. म्हणजे कुठल्या मीटरमागे किती चौरस मीटर घर आहे हे वीजकंपनीच्या संगणकात तयार होतं. करखात्याला घरोघर नोटिसा पाठवून पैसे यायला वर्ष गेलं असतं, इथे पुढच्या बिलापासून सुरुवात. दर भागाप्रमाणे आणि इमारतीच्या वयाप्रमाणे बदलायचा. समजा ४ युरो धरले, तर ७५ चौरस मीटरच्या घराला ३०० युरो. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन महिना ७५१ वरून ५८६ युरोंवर आणलं, पंचविशीच्या आतल्यांसाठी ५११ वर. त्या पगारातून हे ३०० काढायचे. आणि नाही भरले तर वीज तोडू. या धमकीवर सगळ्यात जास्त भडका उडाला, अखेर करापोटी वीज तोडणं घटनेविरुद्ध असल्याचं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं. २०१४ मध्ये नवा मालमत्ता कर आला, तो बिलातून निघून करखात्याकडे गेला.

पण खरं घर दाखवायचं असेल तर बॉयलर दाखवा. अथेन्समधल्या जुन्या इमारतींत तळघरात एकच बॉयलर असतो आणि त्याचं गरम पाणी सगळ्या मजल्यांवर फिरतं. तेल टँकरने एकदम घ्यायचं आणि खर्च मेंटेनन्ससारखा वाटून घ्यायचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये या तेलावरचं उत्पादन शुल्क हजार लिटरला ६० वरून ३३० युरो केलं. कारण चुकीचं नव्हतं : गाडीचं डिझेल महाग आणि हे स्वस्त, त्यामुळे भेसळ आणि चोरी चालायची. दर सारखा केला की चोरी थांबेल, हा हिशेब. झालं असं, की वीसपैकी पाच-सहा घरांनी वर्गणी थकवली की टँकर मागवायला पैसेच पुरायचे नाहीत. मग मीटिंग, भांडण, आणि शेवटी बॉयलर बंद. ज्याने पैसे भरले तोही थंडीत. अनुदान होतं, पण ते नंतर खात्यात यायचं. आधी पूर्ण भावाने तेल घ्या.

लोकांनी लाकूड जाळलं, रंग-पॉलिश लावलेलं जुनं फर्निचरसुद्धा. पॉलिशचा धूर विषारी असतो, हिवाळ्यात वारा पडलेला, तो शहरावरच बसायचा. डिसेंबर २०१३ मध्ये थेस्सालोनिकीत वीज तोडलेल्या एका घरात कोळशाच्या शेगडीच्या वायूने १३ वर्षांची मुलगी गेली. पुढच्या वर्षी शुल्क २३० वर आणलं.

वसंतविहार_कट्टा

सेक्रेटरीसाहेब, बॉयलरवरच अर्धा तास देते. एक शंका : ज्यांनी पैसे भरले त्यांनी आपल्यापुरतं तेल का नाही घेतलं?

माजिवडा_सेक्रेटरी

ताई, टाकी एक, बर्नर एक. आणि जुन्या बांधणीत उभा पाइप सगळ्या मजल्यांतून जातो, प्रत्येक घराला वेगळा व्हॉल्व्ह नसतो. तिसऱ्या मजल्यासाठी पाणी तापवलं की पहिल्या आणि दुसऱ्यालाही मिळणार. म्हणून ज्यांना परवडलं त्यांनी विजेचा हीटर किंवा एसी लावला, आणि सामायिक बॉयलर आणखी मागे पडला.

नेरूळ_सेक्टर_सहा

तिसरा प्रश्न. आधी प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करू : त्याच अटी आल्या नाहीत, अधिक कडक आल्या.

५ जुलैच्या मतपत्रिकेवर 'युरो सोडायचा का?' असं कुठेही नव्हतं. कर्ज देणाऱ्यांची २५ जूनची दोन कागदपत्रं मान्य आहेत का, एवढंच विचारलं होतं, आणि 'नको'चा चौकोन 'हो'च्या वर छापला होता. ६१.३ टक्क्यांनी नको म्हटलं. पण त्यातल्या बहुतेकांना युरो हवाच होता, आणि बँका बंदच होत्या. युरोतली रोकड देणारं दुसरं कुणी नव्हतं. १३ जुलैच्या सकाळी, रात्रभराच्या बैठकीनंतर, पंतप्रधान त्सिप्रास यांनी होकार दिला. सरकारी मालमत्तेसाठी ५० अब्जांचा निधी, पेन्शनमध्ये बदल, हॉटेलातल्या जेवणावर १३ ऐवजी २३ टक्के व्हॅट, बेटांची करसवलत टप्प्याटप्प्याने बंद. संसदेत ३०० पैकी २२९ मतांनी ते पास झालं, पण त्यांच्याच पक्षाच्या ३२ जणांनी विरोधात मत दिलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि तेच निवडून आले : जानेवारीत १४९ जागा, आता १४५. याला विश्वासघात म्हणायचं की दुसरा मार्गच नव्हता, यावर ग्रीक लोक एका टेबलावर बसूनही एकमत होत नाहीत. तुमच्या कट्ट्यावरही होऊ देऊ नका, दोन्ही बाजू पूर्ण मांडा.

खारघर_पासपोर्ट

प्रवासाचं सांगतो. पैशांवरचे निर्बंध १ सप्टेंबर २०१९ ला पूर्ण उठले. २०१५ मध्येसुद्धा परदेशी कार्डांना ती मर्यादा नव्हती. आज बहुतेक सगळीकडे कार्ड चालतं, तीही त्याच वर्षांची देणगी. चौघांत मिळून २००-३०० युरो रोख पुरे, त्याही ५, १० आणि २० च्या नोटा. एटीएम बँकेचं निवडा. पडद्यावर 'रुपयांत वळवू का?' असं आलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या. वळवलेला दर नेहमी महाग पडतो.

हॉटेलात खोलीमागे रात्रीचा कर वेगळा, काउंटरवर भरायचा. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. मूळ कर काटकसरीच्या कायद्यांतलाच, जानेवारी २०१८ पासूनचा. दुकानात पावती मागा. पावती दिली नाही तर पैसे द्यायची सक्ती नाही, अशी पाटीही दिसेल.

२८ ऑक्टोबर ही 'ओही'ची, म्हणजे 'नाही'ची सुट्टी. १९४० मध्ये मुसोलिनीला नकार दिला तो दिवस. २०१५ च्या 'नको'ला जो जोर होता त्यात याचाही वाटा आहे. दुकानं बंद, पण अक्रोपोलिससारख्या सरकारी स्थळांना प्रवेश फुकट. संचलन किंवा मोर्चा असला की संसदेसमोरचं सिंटाग्मा मेट्रो स्टेशन बंद ठेवतात, गाडी न थांबता पुढे जाते. मोनास्तिराकीला उतरा, तिथून चालत दहा-बारा मिनिटं. बोटींचा संप २४ तासांचा असू शकतो, म्हणून बेटावरून परतायचा दिवस आणि विमानाचा दिवस यांच्यात एक मोकळा दिवस ठेवा.

आणि एक : ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. आपल्या कानाला तो नकार वाटतो. दुकानदार 'ने, ने' म्हणाला तर मागे फिरू नका.