मदत हवी आहे: आईला गाजर गवताची अ‍ॅलर्जी, जखमेवर कॅलेंड्युलाचं मलम लावू का?

नमस्कार मंडळी, मी जर्मनीत फ्रायबुर्गला असते, आई सध्या सोलापूरहून आलीय. जिन्यात पाय घसरून तिची नडगी चांगलीच सोलवटली. डॉक्टरांनी साफ करून ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं. पू नाही, ताप नाही, पण शुगर असल्यामुळे भरायला वेळ लागतोय, काही भाग अजून ओला आहे.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी प्रेमाने घरचं कॅलेंड्युलाचं (झेंडूसारखं दिसणारं केशरी-पिवळं फूल) मलम आणून दिलंय. फुलं चरबीत मंद आचेवर गरम करायची, रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी परत पातळ करून गाळायची. चरबी डुकराची आणि आई माळकरी, त्यामुळे ते लावायचा प्रश्नच नाही. आजींना सांगितलं तर लगेच म्हणाल्या, ऑलिव्ह तेल आणि मधमाश्यांचं मेण घालून नवीन करून देते.

पण माझी खरी काळजी वेगळीय. आईला गाजर गवताची जबरदस्त अ‍ॅलर्जी, शेतात गेली की मान आणि कोपरं लालभडक होतात. कॅलेंड्युला त्याच सूर्यफुलाच्या कुळातलं, आणि या कुळाची अ‍ॅलर्जी असेल तर वापरू नका असं युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या माहितीत आहे. कॅमोमाइल, यारो, आर्निका या इकडच्या औषधी वनस्पतीही सगळ्या त्याच घरातल्या. आता दसऱ्याला झेंडूची तोरणं ती स्वतः ओवते, झेंडूही याच कुळातला, तिला कधी काही झालं नाही, मग काय समजायचं?

कॅलेंड्युलाऐवजी दुसरं काही लावावं म्हटलं, तर आर्निका आणि कॉम्फ्री (ही आणखी एक औषधी वनस्पती) मुक्या मारावर, तीही अखंड कातडीवरच लावतात, कॉम्फ्रीत तर यकृताला घातक अल्कलॉइड असतात, म्हणून ती दोन्ही बाद. उरलं प्लॅन्टेन, म्हणजे इसबगोलाचं भावंड, आणि सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं लाल तेल, जे लावून उन्हात बसायचं नाही म्हणतात.

कुणी गाजर गवताची अ‍ॅलर्जी असून कॅलेंड्युला लावलंय का? धड कातडीवर थोडं लावून बघायचं तर किती थांबावं, कारण ही अ‍ॅलर्जी लगेच नाही, एकदोन दिवसांनी उठते ना? आणि घरी केलेलं, म्हणजे निर्जंतुक नसलेलं मलम ओल्या भागावर लावणं मला धोक्याचं वाटतं, शुगर असताना तर जास्तच. स्किनचे डॉक्टर किंवा फार्मसीतलं कुणी असेल तर प्लीज सांगा. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, तिथे विचारणारच आहे, तोवर नुसतं ड्रेसिंग चालू ठेवतेय.