मदत हवी आहे: वणव्यात जळलेल्या उतारावर सेजब्रश परत कसं आणायचं? (बॉयसी, आयडाहो)

रुपेरीपान

नमस्कार मंडळी, आम्ही बॉयसीच्या फूटहिल्समध्ये राहतो, घरामागे साधारण अर्धा एकर उतार आमचा आहे आणि त्यापुढे सगळं मोकळं रान. गेल्या जुलैत रस्त्याच्या बाजूने गवत पेटलं आणि अख्खा उतार जळून गेला. घर वाचलं, माणसं सुखरूप, पण उतारावरचं जुनं सेजब्रश सगळं संपलं, आता फक्त काळे बुंधे उभे आहेत.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, करड्या-रुपेरी पानांचं झुडूप असतं, पानाच्या टोकाला तीन दाते, नेवाडा, युटा, आयडाहो, वायोमिंग, पूर्व ओरेगन असा जो कोरडा पट्टा आहे तिथे मैलोन् मैल हेच दिसतं. नेवाडाचं तर हे राज्यफूल आहे. पाऊस पडून गेला की याचा वास सगळ्या दरीत भरतो. दवणा आणि हे, दोन्ही आर्टेमिसियाच, त्यामुळे सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा पान चुरगळून हुंगल्याबरोबर त्यांनी जोतिबाचं नाव काढलं होतं.

आता प्रॉब्लेम असा की यंदा त्या जागी चीटग्रास नावाचं बाहेरून आलेलं गवत आलंय, नुसता हिरवा गालिचा, आणि मे संपता संपता ते वाळून पिवळं पडलं की परत पेटायला तयार. शेजारी म्हणतात झुडपं गेली ते बरं झालं, निरुपयोगीच होती. लँडस्केपिंगवाला म्हणतो सगळं खरवडून लॉन टाकू. मला हे दोन्ही पटत नाही. हजारो वर्षं माणसं या झुडपाच्या आधाराने राहिली, ओरेगनमध्ये फोर्ट रॉकच्या गुहेत १९३८ साली ज्या चपला सापडल्या त्या याच्याच सालीच्या विणलेल्या होत्या, नऊ हजार वर्षांहून जुन्या, त्याला निरुपयोगी कसं म्हणायचं?

तर विचारायचं होतं की बुंध्यातून परत फुटवा येईल का, का वाट बघण्यात अर्थ नाही? बी टाकायचं की रोपं लावायची आणि कधी? चीटग्रासचं काय करू? आणि घराजवळ लावलं तर पुढच्या आगीत धोका वाढेल का, हे नवऱ्याचं मुख्य टेन्शन आहे. कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा, हिवाळ्याआधी ठरवायचंय.

खडकाळ

ताई, मी उत्तर युटात रेंजलँड रिस्टोरेशनचं, म्हणजे उजाड झालेली माळरानं परत उभी करायचं काम करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो, फुटवा येणार नाही. बिग सेजब्रश, म्हणजे तुमचं हेच झुडूप, जळलं की मेलं. काही महिन्यांनी बुंध्याजवळ हिरवं दिसायला लागलं तर ते बहुतेक रॅबिटब्रश नावाचं दुसरंच झुडूप असेल, ते मुळातून परत फुटतं आणि लोक फसतात. पान बघा, रॅबिटब्रशचं पान अरुंद आणि लांबट असतं, टोकाला तीन दाते नसतात.

आपोआप बी पडून येईल या भरवशावरही राहू नका. याचं बी अगदी बारीक असतं, एका पौंडात वीस लाखांच्या आसपास, तरी ते आईच्या झुडपापासून फार लांब जात नाही, बहुतेक काही मीटरवरच पडतं, आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकूनही राहत नाही. म्हणून मोठ्या आगीनंतर मधला भाग कित्येक दशकं उघडा राहतो. २०१५ च्या सोडा फायर नावाच्या वणव्यात तुमच्याच ओवायही भागात पावणेतीन लाख एकरांच्या वर जळलं, तिथे किती मेहनतीने बी आणि रोपं घालावी लागली ते आमच्या क्षेत्रातले सगळे जाणतात.

बी टाकायचं तर ऑक्टोबरमध्ये नको, नोव्हेंबर-डिसेंबरनंतर, जमीन थंड झाल्यावर, बर्फ पडलेला असेल तर बर्फावरच. पुरायचं नाही!! वरच पसरायचं आणि पायाने किंवा रोलरने दाबायचं, मातीशी चिकटलं पाहिजे पण खोल गेलं तर उगवत नाही. पिशवीच्या लेबलवर शुद्ध जिवंत बियाणं किती ते वाचा, कारण सेजब्रशच्या पिशवीत बराचसा भुसाच असतो.

अर्ध्या एकरासाठी मी मात्र रोपंच सांगेन. छोट्या कुंडीतली प्लग रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा मार्चमध्ये ओल असताना लावा, प्रत्येक रोपाभोवती दोन-तीन फूट गवत साफ ठेवा. खत अजिबात नको, नायट्रोजन मिळाला की चीटग्रासच माजतं. लावताना एकदा भरपूर पाणी, पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून, पण लॉनसारखं रोज पाणी दिलंत तर मुळं कुजतील.

रुपेरीपान

खूप खूप धन्यवाद, रॅबिटब्रशचं कळलं ते बरं झालं कारण खालच्या बाजूला हिरवं दिसतंय आणि मी त्यावरच आशा लावून बसले होते. नर्सरीत विचारलं तर ते म्हणाले सेजब्रशची कुठली उपजात हवी, बेसिन, वायोमिंग का माउंटन? यात खरंच इतका फरक असतो का?

खडकाळ

असतो, आणि इथेच बरीच लागवड वाया जाते. बेसिनला खोल माती लागते, ते ओढ्याकाठी, सपाटीला वाढतं आणि माणसाच्या डोक्यावर जातं. वायोमिंग उथळ, कोरड्या जागी, साधारण कमरेपर्यंत. माउंटन उंचावर जिथे बर्फ जास्त. बॉयसीला वर्षाला जेमतेम बारा इंच पाऊस-बर्फ, तुमची जागा खालच्या फूटहिल्समध्ये आहे आणि उतार म्हणताय, म्हणजे माती पातळ असली तर वायोमिंग, आणि खाली घळीत माती खोल असेल तर तिथे बेसिन. आजूबाजूला न जळलेली झुडपं असतील तर तीच सगळ्यात चांगली शिक्षक आहेत.

घरी करायची एक टेस्ट सांगतो, थोडी पानं चुरडून ग्लासभर पाण्यात घाला आणि अंधारात ब्लॅकलाइट (अतिनील दिवा) मारा. माउंटनचं पाणी झळझळीत निळं चमकतं, बाकी दोघांचं फिकट किंवा काहीच नाही. मुलांना दाखवा, खूप आवडेल त्यांना.

बी स्वतः गोळा करायचं तर फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, बी तयार होतं ऑक्टोबरच्या शेवटापासून पुढे. सरकारी जमिनीवरून घ्यायचं असेल तर आधी बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) ऑफिसला विचारा.

अंगणवाली

मी नेवाडात रीनोजवळ असते, आगीच्या प्रश्नाबद्दल बोलते कारण आमच्याकडेही वणव्याची तीच भीती. नवऱ्याचं टेन्शन रास्त आहे, सेजब्रशच्या पानात तेल असतं आणि ते जोरात जळतं, म्हणून घराच्या भिंतीपासून तीस फुटांत लावू नकोस, तिथे दगड-खडी आणि कमी वाढणारी ओली झाडं ठेव. त्यापुढे लावताना झुडपांमध्ये मोकळी जागा सोड, म्हणजे आग एकावरून दुसऱ्यावर उडी मारणार नाही.

पण खरा धोका चीटग्रासचाच आहे, हे त्याला नीट समजावून सांग. ते युरोप-आशियातून १९व्या शतकात इकडे आलं, शरद ऋतूत उगवतं, हिवाळ्यात मुळं वाढवून ओल पिऊन टाकतं आणि इथली झाडं जागी होईपर्यंत वाळूनही जातं. पूर्वी कोरड्या सेजब्रशच्या रानात एकाच जागी आग लागायला कित्येक दशकं जायची, आता चीटग्रास माजलेल्या ठिकाणी पाच-पाच वर्षांत लागते, मग सेजब्रशला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. म्हणजे झुडूप काढून गवत ठेवलं तर घर जास्त सुरक्षित होत नाही गं, उलटच होतं.

आम्ही बी धरायच्या आधी एप्रिलमध्ये हाताने उपटलं, परत आलं, परत उपटलं. अर्ध्या एकरावर जमेल पण कंबर लागते. तणनाशक वापरणार असशील तर युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोच्या एक्स्टेन्शन ऑफिसला (शेती-बागेचा सल्ला देणारं केंद्र) आधी फोन कर, कारण इमाझापिकसारखी जी औषधं चीटग्रासचं बी उगवू देत नाहीत ती सेजब्रशचं बीही रोखतात. आधी औषध, मग मध्ये वेळ जाऊ द्यायचा, मग रोपं.

खडकाळ

अंगणवाली ताईंचं बरोबर. फक्त एक जोडतो, नुसतं सेजब्रश लावू नका, मध्ये ब्लूबंच व्हीटग्रास आणि सँडबर्ग ब्लूग्रास ही इथली झुपक्यांची गवतं पण घाला, चीटग्रासला जागा न देण्याचं खरं काम तीच करतात. आणि सेजब्रश त्यांना मदत करतं, रात्री खोल मुळं खालचं पाणी ओढून वरच्या कोरड्या मातीत सोडतात, हे १९८७ साली आमच्या युटातच दाखवून दिलं होतं.

माळावरचा

मी सोलापूरचा, या झुडपातलं काही कळत नाही पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, तिथल्या माळालाही लोक पडीकच म्हणत आले, झाडं लावा, नांगरून टाका, आणि माळढोक दिसेनासा झाला. तुमच्याकडे सेज ग्राउझ म्हणून पक्षी आहे ना, नर छाती फुगवून नाचतात तो? तो याच झुडपावर जगतो असं वाचलंय, खरं का?

खडकाळ

खरं आहे दादा. हिवाळ्यात तो जवळजवळ सेजब्रशची पानंच खातो. ज्या वासाच्या तेलांमुळे गुरं याला फारशी तोंड लावत नाहीत ती तेलं याला चालतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे ठरलेल्या मोकळ्या जागी नर नाचायला येतात, वर्षानुवर्षं तीच जागा. रान तुकड्या-तुकड्यांत जळत गेलं की तोही जातो. ताईंच्या अर्ध्या एकरावर तो उतरणार नाही, पण ससे, पक्षी, मधमाश्या नक्की येतील.

रुपेरीपान

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. लॉनवाल्याला नकार कळवलाय. आता असं ठरवलंय की तीस फूट खडी, त्यापुढे चीटग्रास आधी आटोक्यात आणायचं, औषधाबद्दल एक्स्टेन्शनला विचारून मगच, आणि रोपं पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये. घळीच्या वर अजून काही जुनी झुडपं उभी आहेत, शनिवारी त्यांची पानं आणून ब्लॅकलाइट टेस्ट करतो.

शेवटचं एक, वरचा भाग खूप उतरता आहे आणि हिवाळ्यात माती वाहून जाईल अशी भीती वाटते. रोपं लावेपर्यंत तिथे नुसता पेंढा पसरला तर चालेल का? पेंढ्यातून तणाचं बी येतं म्हणतात.

अंगणवाली

चालेल, पण तणमुक्त असं सर्टिफिकेट असलेलाच घे, फीड स्टोअरमध्ये स्पष्ट विचार. आणि जळलेले बुंधे उपटू नकोस, आडवे कापून उताराला आडवे टाक, माती तिथेच अडते.