घरात बंदूक घ्यावी का? मुलं १४ आणि ६ वर्षांची (टेक्सास) - मदत हवी आहे

मुग्धा_फ्रिस्को

नमस्कार मंडळी. प्रश्न टेक्सासचा आहे, पण इतर राज्यांतल्यांनीही लिहा. फक्त "बंदूक वाईटच" किंवा "बंदूक हवीच" एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या, ते दोन्ही घरी रोज ऐकतेय.

दिवाळीनंतर आमच्या सबडिव्हिजनमध्ये दोन घरं फुटली. दोन्ही भारतीयांची. पॅटिओच्या दाराची काच फोडून आत शिरले, टीव्ही-लॅपटॉपला हातही लावला नाही. थेट मास्टर बेडरूमचं क्लोझेट आणि देवघराखालचा ड्रॉवर. आपल्याकडे सोनं कुठे असतं हे ज्यांना ठाऊक आहे असे लोक. दोन्ही वेळा घरात कुणी नव्हतं हे नशीब.

तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात पिस्तूल घ्यायचं आहे. आमचं ग्रीन कार्ड झालंय, म्हणजे कायद्याने अडचण नाही. त्याचं म्हणणं, नाईटस्टँडच्या ड्रॉवरमध्ये ठेवू, मुलांना नीट समजावून सांगू. त्याच्या आजोळी सावंतवाडीजवळ माकडं-डुकरं हाकलायला ठासणीची बंदूक खुंटीला टांगलेली असायची. "आम्ही सगळी भावंडं तिथेच वाढलो, एकानं कधी हात लावला नाही."

घरात मुलगी १४, मुलगा ६, शिवाय दीर आमच्याकडेच राहतात (एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर). जानेवारीत सासूबाई सहा महिन्यांसाठी येतील.

१) घ्यावी का? २) घेतलीच तर ठेवायची कशी? ३) मुलगा आता मित्रांकडे खेळायला जायला लागलाय. त्यांच्या घरी बंदूक आहे का, हे आगाऊ न वाटता कसं विचारायचं?

डोंगरवाट

खुंटीवरच्या बंदुकीचं आधी बोलतो, कारण मी त्याच मुलखातला. ती ठासणीची होती हेच उत्तर आहे. नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, छरे घालायचे, पुन्हा ठासायचं, मग टोपी बसवायची. आमचे काका ते करेपर्यंत माकडं नारळ घेऊन पसार व्हायची. सहा वर्षांच्या पोराला ते जमणं शक्य नव्हतं, गजच त्याच्याहून उंच. शिवाय तो शेतीसंरक्षणाचा परवाना, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. तुम्ही आणणार ते भरलेलं पिस्तूल, ज्याला एक बोट पुरतं. बऱ्याच नव्या पिस्तुलांना बाहेरून दाबायचा सेफ्टीचा खटकाही नसतो. भावांनी हात लावला नाही, त्यात संस्कार असतीलही, पण निम्मं श्रेय त्या ठासणीच्या गजाचं.

ऑस्टिनकर

मी बंदूक बाळगतो, बरीच वर्षं. त्यामुळे मला विरोधी गटात टाकू नका. पण नाईटस्टँडचा ड्रॉवर? अजिबात नाही.

टेक्सासमध्ये विकत घ्यायला लायसन्स लागत नाही, नोंदणी नाही, थांबायची मुदत नाही. दुकानात फेडरल फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक झाला की त्याच दिवशी घरी. म्हणून लोकांना वाटतं की पुढेही काही नियम नाही. आहे. टेक्सास पीनल कोड, कलम ४६.१३. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली आणि तुम्ही ती हलगर्जीपणे ठेवली होती, तर गुन्हा तुमच्यावर. मुलाने ती झाडली आणि कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं, तर क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे वर्षभरापर्यंत तुरुंग. चेंबर (नळीमागची गोळी झाडायची जागा) रिकामं पण मॅगझिन (गोळ्यांची पेटी) भरलेलं असलं तरी कायद्याच्या लेखी ती भरलेलीच. तुमची दोन्ही मुलं यात बसतात.

ठेवायचीच असेल तर पलंगाच्या चौकटीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली छोटी तिजोरी, आकड्यांच्या बटणांची. बोटाच्या ठशावर उघडणारी घेताना जपून. २०२३ मध्ये एका कंपनीच्या सुमारे ६१,००० तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्या नोंद नसलेल्या बोटांनीही उघडत होत्या. त्याआधी एका १२ वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता. दुकानदार पिस्तुलासोबत कुलूप देतो, तसा फेडरल कायदाच आहे, पण ते खोक्यातच राहतं.

आणि नवीन माणूस हमखास फसतो ती गोष्ट: मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असू शकते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून धरायची, आत डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. साहेबांना आधी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) कोर्स करू द्या, खरेदी नंतर.

पाटीवरचा_खडू

"मुलांना समजावून सांगू" यावर. २००१ साली बालरोगांवरच्या नियतकालिकात, 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये अटलांटातल्या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला होता. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचे दोन-तीन जणांचे गट एका खोलीत बसवले, ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल ठेवलं. गोळी नव्हती, पण ट्रिगर पुरेशा जोराने ओढला की बाहेर कळेल अशी सोय होती. एकतर्फी काचेमागून डॉक्टर बघत होते. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं आणि १० गटांत कुणीतरी ट्रिगर ओढला. ज्यांनी हात लावला त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी कधीतरी सांगितलेलं होतं. ज्यांना पिस्तूल सापडलं त्यांतल्या साधारण निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा नक्की कळलं नाही.

सांगा जरूर. पण त्याच्या भरवशावर कुलूप टाळू नका.

निशिगंधा_आरएन

मी मुलांच्या इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. सगळे सहा वर्षांच्या मुलाबद्दल बोलतायत, मला चौदा वर्षांच्या मुलीबद्दल बोलायचंय.

मुग्धाताई, तुमची लेक अगदी आनंदात असेल, असूच दे. पण या वयात परीक्षा, मैत्रिणी, फोनवरचा एखादा फोटो, काहीही एका संध्याकाळी डोंगराएवढं होतं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे आपल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. २०२० पासून इथल्या १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, अपघात-खून-आत्महत्या सगळं धरून. मूल खचलेलं असतं ती वेळ बऱ्याचदा थोडकी असते. तेवढ्या वेळात जीवघेणी वस्तू हाती न लागणं हेच मोठं संरक्षण. २००५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चार गोष्टी पाहिल्या होत्या: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, गोळ्या वेगळ्या जागी, गोळ्याही कुलपात. चारही गोष्टींचा मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी असण्याशी स्वतंत्रपणे संबंध दिसला.

आता गंमत बघा (गंमत कसली!). चोरासाठी म्हणून घ्यायची तर ती भरलेली आणि हाताशी हवी. मुलांसाठी ती रिकामी, बंद आणि गोळ्या दुसरीकडे. ऑस्टिनकरांची तिजोरी हा मधला मार्ग आहे, पण त्यात ती भरलेलीच असते आणि कोड पोरांना कळतो. आमच्या घरच्या आयपॅडचा कोड मी कुणालाही सांगितलेला नाही, तरी तो सगळ्यांना पाठ आहे.

आणि कधी मुलीबद्दल काळजी वाटलीच तर ९८८ वर (मानसिक संकटासाठीची हेल्पलाइन) फोन किंवा मेसेज करा, पालकांनाही मदत करतात. बंदूक तेव्हा घराबाहेर, एक दिवसही थांबू नका.

खमंग_काकडी

माझं मत लोकांना आवडणार नाही, पण टेक्सासमध्ये स्वतःच्या घरात घुसलेल्याविरुद्ध कायदा तुमच्या बाजूने आहे आणि पोलीस यायला वेळ लागतो. आकडे दाखवणारे, बंदूक नुसती दाखवल्याने जे चोर पळाले ते मोजतच नाहीत.

पाटीवरचा_खडू

ही हरकत रास्त आहे. १९९८ चा मेम्फिस, सिॲटल आणि आपल्या टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनचा अभ्यास म्हणतो की घरातली बंदूक स्वसंरक्षणासाठी एकदा झाडली गेली, तर चार वेळा अपघाताने, सात वेळा हल्ल्यात किंवा खुनात आणि अकरा वेळा आत्महत्येत किंवा तिच्या प्रयत्नात. त्यात नुसती दाखवलेली बंदूक येत नाही, खरंय. पण मुग्धाताईंच्या शेजारी आलेल्या चोरांना दाखवायला घरात कोण होतं? हे लोक गाडी बाहेर पडायची वाट बघतात. बंदूक ड्रॉवरमध्ये आणि तुम्ही देवळात, तर सोन्याबरोबर तीही जाणार.

विसा_पंचविसा

कुणी दिरांबद्दल बोललंच नाही! फेडरल कायद्याने एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या आधारावर घरात जुगार खेळू नका. बाळगणं म्हणजे नुसती खिशात असणं नव्हे. तिजोरीचा कोड त्यांना माहीत असेल, तर ताबा त्यांचाही होता असं सरकारी वकील म्हणू शकतो. त्यांना रेंजवर हौसेने घेऊन जाणंही टाळा. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर, त्यांनाही तेच लागू. खरेदीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या माणसाच्या नावावर फेडरल गुन्हा लागला तर काय होईल ते सांगायला नको.

चिऊताई_केटी

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. मी सरळ मेसेज करते आणि ॲलर्जीच्या वाक्यातच गुंडाळते: "त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. घरात कुत्रा आहे का? आणि बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना?" 'आहे का' असं विचारलं की समोरच्याला चौकशी वाटते, 'कुलपात आहे ना' विचारलं की बहुतेक जण लगेच सांगतात. एकदाच एक बाबा जरा फणकारले, तेव्हापासून त्यांची मुलगी आमच्याकडे येते. बालरोगतज्ज्ञांची इथली संघटनासुद्धा हे विचाराच म्हणते, त्यामुळे पटत नसेल तर "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून मोकळं व्हा.

आणि भारतीय घरांनाही विचारा. आपल्यातल्यांकडे नसणार हे गृहीत धरू नका, २०२० नंतर आमच्या ग्रुपमध्येच तीन-चार जणांनी घेतल्यात.

मुग्धा_फ्रिस्को

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा नवऱ्याला वाचायला दिला. ठासणीच्या गजावर हसला, दिरांच्या मुद्द्यावर गप्प झाला. दीर स्वतःच म्हणाले, "वहिनी, मी इथे असेपर्यंत नको." त्यामुळे तेवढा काळ तरी खरेदी नाही. नवरा रेंजवरचा कोर्स करतो म्हणालाय, त्याला माझी हरकत नाही. नंतर पुन्हा विषय निघेल हे मला माहीत आहे, तेव्हा निशिगंधाताईंची चार कलमी यादी फ्रिजवर लावणार.

पॅटिओच्या काचेला सिक्युरिटी फिल्म आणि काच फुटल्यावर वाजणारा सेन्सर बसवतोय. ॲलर्जीचा मेसेज आज पाठवला. मित्राच्या आईचं उत्तर आलं: "दोन आहेत, दोन्ही गराजमधल्या सेफमध्ये, किल्ली माझ्याकडे." इतकं सोपं होतं.

आता राहिलं सोनं. ज्या बँकेत खातं आहे ते म्हणतात नवे लॉकर देणं बंद केलंय. कुणाला फ्रिस्को-प्लेनो भागात मिळालाय का?

ऑस्टिनकर

मोठ्या बँकांचा नाद सोडा, छोट्या स्थानिक बँका आणि क्रेडिट युनियनमध्ये फोन करा, नाव यादीत घालतात. आणि घराच्या इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघा. दागिन्यांच्या चोरीची भरपाई बऱ्याचदा दीडेक हजार डॉलरवर थांबते, लॉकरच्या आतल्या वस्तूंना बँकेचं संरक्षण नसतंच. दागिन्यांची वेगळी नोंद करून घ्यायची असेल तर मूल्यांकन लागेल. सासूबाई येताना पाटल्या आणणार असतील तर त्यांच्या पावत्याही आणायला सांगा.